आघातावरचे उपचार आधी. ‘यातून माणूस घडतो’ हे नंतर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या थोरल्या भावाच्या कामाच्या ठिकाणी १४ महिन्यांपूर्वी आग लागली. तो जिन्याने बाहेर पडला. त्याच्या शेजारी बसणारा सहकारी आत अडकला आणि दगावला. तेव्हापासून भावाला सलग झोप नाही, दार लावलेल्या खोलीत तो बसत नाही, कुठे काही करपल्याचा वास आला की ताडकन उठून बाहेर जाऊन उभा राहतो. कामावर जाणं सुटलं आहे. घरातले म्हणतात, ‘झालं गेलं, विसर आता.’ एका समुपदेशकाकडे गेला, तर पहिल्याच भेटीत ‘या अनुभवातून तुम्ही आणखी कणखर व्हाल’ असं ऐकून आला आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. तुम्ही विचारता: त्याला त्या दिवसाबद्दल बोलतं करावं का, उपचारात नेमकं काय करतात, आणि आघातातून माणूस खरंच घडतो का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण गाडी तिथेच अडली आहे. हो, काही माणसं आघातानंतर आतून बदलतात आणि तो बदल त्यांना स्वतःला मोलाचा वाटतो. पण जखम ओली असताना हे वाक्य ऐकवलं की ऐकणाऱ्याच्या कानावर एवढंच पडतं: सहकारी गेला, त्यात माझं भलं झालं म्हणे. हे ऐकून कुणीही उठून जाईल. भावाने ती जागा सोडली याचा अर्थ त्याला उपचार नकोत असा घरात कुणी लावत असेल, तर तो लावू देऊ नका. त्याला त्या माणसाकडे जायचं नाही, एवढंच यातून कळतं.

मी त्याला तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं पीटीएसडीच्या (पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) वर्णनाशी बरीच जुळतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत हे निदान १९८० साली आलं. आज त्यात लक्षणांचे चार गट मानतात: प्रसंग नको असताना मनात घुसणं, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळणं, स्वतःबद्दल आणि जगाबद्दलचे विचार काळवंडणं, आणि शरीर सतत सावध राहणं. पहिल्या काही आठवड्यांत यातलं बरंच काही बहुतेकांना होतं आणि आपोआप ओसरतं. महिनाभरानंतरही ते टिकून राहिलं आणि त्यामुळे कामधंदा, नाती, रोजचं जगणं कोलमडू लागलं, की उपचारांचा विचार करायचा असतो. १४ महिन्यांनी ‘काळ हेच औषध’ म्हणत थांबण्यात अर्थ नाही. आणि उशीर झाला म्हणून उपचार लागू पडत नाहीत असंही मुळीच नाही. कित्येक वर्षांनी आलेली माणसंही बरी होतात.

‘इतर लोक सावरले, हाच का नाही?’ असं घरात कुणी बोलत असेल तर त्यांना हे सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातली सुमारे ७० टक्के माणसं आयुष्यात कधी ना कधी आघातकारक प्रसंगातून जातात, आणि त्यांतल्या साधारण ५.६ टक्क्यांना पीटीएसडी होतो. म्हणजे बहुतेक जण सावरतात हे खरं. पण कोण सावरतो आणि कोण अडकतो, हे मनाच्या कणखरपणावर ठरत नाही. प्रसंग किती भीषण होता, जीव जाईल असं वाटलं का, पूर्वी काही सोसलेलं होतं का, या सगळ्याचा वाटा असतो. त्यातही प्रसंगानंतर माणसाला आधार मिळाला की नाही आणि वरून आणखी किती ताण पडले, याचं वजन मोठं असतं. हा शेवटचा भाग अजूनही तुमच्या हातात आहे.

करपल्याच्या वासाचं तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. साधी आठवण आली की ती जुनी आहे हे आपल्याला कळत असतं. अतिभयाच्या क्षणी मेंदू वास, आवाज, उष्णता, श्वास कोंडणं हे सगळं तीव्रतेने टिपतो, पण ते कुठे, कधी, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर घडलं याची जुळणी कच्ची राहते. म्हणून वास आला की शरीर ‘आग लागली होती’ असं आठवत नाही, ‘आग लागली आहे’ असं वागतं. १४ महिने उलटून गेलेत हे भावाला पक्कं ठाऊक असतं, तरी पाय दाराकडे धावतात. अँके एहलर्स आणि डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली मांडलेल्या विचारानुसार पीटीएसडी टिकून राहतो तो या ‘धोका आत्ताही आहे’ च्या जाणिवेमुळे, आणि ती जाणीव जिवंत राहते टाळण्यामुळे. बाहेर जाऊन उभं राहिलं की हायसं वाटतं. पण त्याच वेळी मेंदू शिकतो की बाहेर पळालो म्हणून वाचलो. दार लावलेल्या खोलीत काही होत नाही, हे अनुभवायची संधीच त्याला मिळत नाही. ‘विसर आता’ हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी तो टाळायलाच शिकवतो.

मग त्याला घरी बोलतं करावं का? नाही, खोदून खोदून विचारू नका. प्रसंग घडल्या घडल्या सगळ्यांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सविस्तर बोलतं करण्याची पद्धत एके काळी फार चालायची. अभ्यासांत दिसलं की तिने पुढचा त्रास टळत नाही आणि काहींचा तो वाढतो. म्हणून ती आता सुचवली जात नाही. घरात तुम्ही दार उघडं ठेवायचं, आत ढकलायचं नाही. ‘रात्री झोप लागली नाही वाटतं. मी जागी आहे, बसू का?’ एवढं पुरतं. तो स्वतःहून काही बोलला तर मध्येच थांबवू नका, ‘तू काय करणार होतास रे’ अशी घाईघाईची समजूत काढू नका, आणि रडू आलं तर विषय बदलू नका. फक्त ऐका. आघात झालेल्या माणसाला पुष्कळदा हेच वाटत असतं की आपण खरं काय पाहिलं ते सांगितलं तर समोरच्याला झेपणार नाही. तुम्ही न डगमगता बसून राहिलात की त्याला कळतं, झेपतं.

थेरपीतलं बोलणं याहून वेगळं. त्याला आराखडा असतो, सुरुवात आणि शेवट असतो, आणि तिथे बसलेला माणूस त्याच कामासाठी शिकलेला असतो. ज्यांचा परिणाम चांगला तपासला गेला आहे अशा पद्धती मोजक्या आहेत, त्यांची ओळख करून देते.

पहिली, मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेली प्रोलाँग्ड एक्स्पोजर, म्हणजे टाळलेल्या आठवणीला आणि गोष्टींना हळूहळू, पुन्हा पुन्हा सामोरं जाणं. साधारण ८ ते १५ सेशन, प्रत्येक सुमारे दीड तासाचं. पहिल्या भेटींत त्रासाचं स्वरूप समजावतात, श्वासाचा साधा व्यायाम शिकवतात. मग माणूस डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात, ‘मी जिन्यावर आहे, मला काही दिसत नाही’ अशा वाक्यांत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगतो, आणि पुन्हा सांगतो. थेरपिस्ट मधूनमधून एवढंच विचारतो: शून्य ते शंभरात अस्वस्थता किती? सेशनचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं असतं. सुरुवातीला पंचाण्णव असलेला आकडा काही आठवड्यांनी चाळीसवर येतो, पुढे आणखी खाली. आठवण पुसली जात नाही; तिला आधी-नंतर मिळतं, आणि ती ‘तेव्हा’ची होते. जोडीला प्रत्यक्ष सराव: टाळलेल्या गोष्टींची सोप्यापासून अवघडापर्यंत यादी करायची आणि एकेक पायरी चढायची. भावाच्या बाबतीत ती दार अर्धं लावून बसण्यापासून सुरू होईल, पुढे दार पूर्ण लावून अर्धा तास, मग एखाद्या इमारतीचा बंदिस्त जिना. प्रत्येक ठिकाणी अस्वस्थता उतरेपर्यंत थांबायचं असतं; ती शिगेला असताना निघून आलं तर उलटा धडा पक्का होतो.

ऐकायला हे क्रूर वाटतं हे मला माहीत आहे. पहिल्या एकदोन आठवड्यांत काहींचा त्रास थोडा वाढल्यासारखाही होतो, आणि उपचार अर्धवट सोडणारे नेमके इथे सोडतात. म्हणून हे आधीच सांगून ठेवते. त्या काळात तुम्ही ‘नकोच ते, जाऊ नकोस’ असं म्हणालात तर तो सुटकेचा निःश्वास टाकेल आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं होईल.

दुसरी पद्धत मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांची कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी. साधारण १२ सेशन. हिच्यात प्रसंगाच्या वर्णनापेक्षा त्या प्रसंगातून माणसाने काढलेल्या निष्कर्षांवर काम होतं. तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, ‘तो सारखा म्हणतो, मी एकटाच कसा आलो.’ मला वाटतं भावाचं खरं दुखणं धुरापेक्षा इथे आहे. अशा प्रसंगात सेशनमधलं बोलणं साधारण असं चालतं:

‘मी त्याला ओढून आणायला हवं होतं.’

‘धूर भरला तेव्हा तो कुठे होता?’

‘मागच्या खोलीत. काहीतरी आणायला गेला होता.’

‘हे तुम्हाला त्या वेळी माहीत होतं?’

इथे बहुधा बराच वेळ शांतता असते. ‘नाही. खाली आल्यावर कळलं.’

‘जिन्यावर असताना तुम्हाला काय वाटत होतं?’

‘तो माझ्या मागेच आहे.’

थेरपिस्टने यात ‘तुमचा काही दोष नाही’ असं एकदाही म्हटलेलं नाही. ते वाक्य भावाने १४ महिन्यांत शंभर जणांकडून ऐकलं असेल आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नसेल. प्रश्नांनी त्याला फक्त त्या क्षणात परत नेलं, जिथे आज असलेली माहिती नव्हती. खाली आल्यावर कळलेली गोष्ट मनाने मागे नेऊन जिन्यावर चिकटवली होती. ती सुटी झाली.

आता यातली खोच. अपराधभाव इतका चिवट का असतो? कारण तो माणसाला एका मोठ्या भयापासून वाचवत असतो. ‘मी त्याला वाचवू शकलो असतो’ असं मानलं तर निदान जग आपल्या हातात आहे असं वाटत राहतं. ‘माझ्या हातात काहीच नव्हतं’ हे मान्य करणं पुष्कळांना दोष घेण्याहून कठीण जातं. म्हणून अपराधभाव सैल झाला की लगेच बरं वाटत नाही. बहुतेकदा त्या जागी निव्वळ दुःख येतं. मित्र गेल्याचं दुःख, जे आतापर्यंत दोषाखाली दबलेलं होतं. कित्येक जण सहकाऱ्यासाठी म्हणून पहिल्यांदा रडतात ते अशा वेळी. घरच्यांना वाटतं, थेरपीने बिघडला. खरं तर काम नेमकं योग्य ठिकाणी पोहोचलेलं असतं.

तिसरी पद्धत ईएमडीआर (आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग). मानसशास्त्रज्ञ फ्रान्सीन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी ती मांडली. प्रसंगाचं चित्र मनात धरून थेरपिस्टच्या हालणाऱ्या बोटांकडे नजर फिरवत राहायचं, असा तिचा दिसणारा भाग. परिणाम चांगला आहे. डोळ्यांच्या हालचालीचा त्यात नेमका वाटा किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. ज्यांना सविस्तर बोलणं अशक्य होतं त्यांना ती पुष्कळदा सोसवते.

औषधांविषयी थोडंच. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधांचा उपयोग होतो, विशेषतः सोबत नैराश्य असेल तर किंवा थेरपी लगेच मिळत नसेल तर. ती मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची. झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या गोळ्या महिनोनमहिने घेणं मात्र पीटीएसडीत सुचवलं जात नाही. सवय लागते आणि मूळ दुखणं तसंच राहतं. भाऊ अशा गोळ्या आधीच घेत असेल तर त्या एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवा. आणि झोप लागावी म्हणून तो रात्री दारू घेऊ लागला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

लहानपणापासून वर्षानुवर्षं मार, अत्याचार, दहशत सोसलेल्यांचं चित्र वेगळं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजार-वर्गीकरणात त्यासाठी कॉम्प्लेक्स पीटीएसडी हे स्वतंत्र निदान आहे: भावना आवरणं, स्वतःची किंमत वाटणं आणि नाती टिकवणं हे तिन्ही त्यात बिघडलेलं असतं. तिथे सुरक्षितता आणि भावना पेलण्याचं शिक्षण यांना जास्त वेळ द्यावा लागतो. तुमच्या पत्रावरून भावाच्या बाबतीत तसं दिसत नाही, पण भेटणाऱ्या थेरपिस्टने हा इतिहास विचारायलाच हवा.

आता पुन्हा ‘घडण्या’कडे. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर आघातोत्तर वाढ ही कल्पना मांडली आणि १९९६ मध्ये ती मोजण्यासाठी २१ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. पाच दिशांनी ही वाढ दिसते असं ते म्हणतात: माणसांशी जवळीक, नव्या वाटा, स्वतःच्या बळाची जाणीव, आध्यात्मिक बदल, आणि आयुष्याचं मोल वाटणं. लोक त्यांची एक गोष्ट मात्र हमखास विसरतात: वाढ आघातामुळे होत नाही. आघाताने ‘जग बऱ्यापैकी सुरक्षित आहे, नीट वागलं तर नीट होतं’ ही आपली खोलवरची समजूत मोडते. मोडलेल्या समजुतींच्या जागी नवं काहीतरी उभं करताना जी झटापट होते, तिच्यातून वाढ होते, झाली तर. प्रसंग नको असताना डोक्यात घोळत राहणं आणि स्वतः ठरवून, वेळ काढून त्याचा विचार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढीचा संबंध दुसऱ्या प्रकाराशी आहे, आणि पहिला प्रकार धुमाकूळ घालत असेपर्यंत दुसऱ्याला जागा मिळत नाही. म्हणून मी उपचार आधी म्हणते. थेरपीत अपराधभावावर जे काम होतं, तेच पुढे या विचाराची जमीन तयार करतं.

या कल्पनेवर गंभीर आक्षेपही आहेत. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी २००९ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आघाताच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजलं. ‘मी वाढलो’ असं त्यांना वाटत होतं आणि प्रत्यक्षात जो बदल झाला होता, त्यांचा मेळ फारसा बसला नाही. आंद्रेआस मेर्कर आणि तान्या झोलनर या अभ्यासकांनी तर या वाढीला दोन तोंडं आहेत असं म्हटलं: एक खऱ्या बदलाचं, दुसरं मनाची समजूत घालणाऱ्या भ्रमाचं. मला हे पटतं. समजूत घालण्यातही वाईट काही नाही, कधीकधी ती माणसाला रात्र काढायला मदत करते. पण ती टाळाटाळीचं रूप घेऊ लागली, ‘मी आता मजबूत आहे, मला थेरपीची गरज नाही’ असं माणूस म्हणू लागला, की थेरपिस्टने सावध व्हायचं असतं.

म्हणून मी स्वतः पेशंटला ‘यातून काय शिकलात?’ असं कधीच विचारत नाही. वाट पाहते. कुणी सहज बोलून जातो, ‘हल्ली मी आईला रोज फोन करतो.’ तेव्हा थांबून विचारते: कधीपासून? आधी काय व्हायचं? आता फोनवर काय बोलता? मोठ्या वाक्यांपेक्षा असं छोटं, रोज घडणारं वागणं मला जास्त विश्वासाचं वाटतं. आणि ते दुःख पूर्ण संपल्यावरच येतं असंही नाही. त्रास आणि वाढ एकाच माणसात, एकाच आठवड्यात नांदतात. पुष्कळ जण छान बरे होतात आणि त्यांच्यात अशी कुठलीच वाढ दिसत नाही. ते पूर्वीसारखे होतात, झोपतात, कामावर जातात. तो उपचार पूर्ण यशस्वी झालेला असतो.

तुमच्या भावापुढे पुढेमागे एक प्रश्न उभा राहील असं मला वाटतं: गेलेल्या सहकाऱ्याच्या घरच्यांना भेटायचं का. अपराधभाव तसाच असताना गेला तर तो माफी मागायला जाईल, आणि त्या बिचाऱ्यांवर त्याला माफ करायची जबाबदारी पडेल. थेरपीनंतर गेला तर तो मित्राची आठवण घेऊन जाऊ शकेल, तो शेजारी बसून काय बोलायचा, कशावर हसायचा ते सांगू शकेल. घाई करू नका, आणि तो स्वतः म्हणाला तर अडवूही नका. न भेटण्याचं ठरवलं तरी चालतं.

पुढचं पाऊल म्हणून: थेरपिस्ट निवडताना फोनवरच विचारा की पीटीएसडीसाठी ते कोणती पद्धत वापरतात, तिचं प्रशिक्षण घेतलं आहे का, साधारण किती सेशन लागतील आणि प्रगती कशाने मोजतात. ‘आपण बोलत राहू, बघू’ असं मोघम उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. पहिल्या भेटीला सोबत जा, बाहेर बसा. आत काय बोलणं झालं ते विचारू नका, त्याने सांगितलं तर ऐका. ‘मीही त्याच्यासोबत जायला हवं होतं’ असं तो म्हणत असेल, तर ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं ठेवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, नाहीतर आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनला फोन करा. आणि तुम्ही रात्री २ वाजता प्रश्न लिहून पाठवला आहे, म्हणून हेही: तुमच्या झोपेचं काय चाललं आहे ते त्याच थेरपिस्टला किंवा दुसऱ्या कुणाला सांगायला लाजू नका. आठवड्यातल्या दोन रात्री तरी त्याच्यासोबत जागण्याची पाळी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या.